कारखान्यातील देखभाल विभागातून मोठ्या रुग्णालयात जाताना नव्याने काय शिकावे लागेल?

प्रश्न : यंत्रशाळा_चाकण

नमस्कार. मी यांत्रिकी अभियंता असून चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो. कॉम्प्रेसर, चिलर, कूलिंग टॉवर, डीजी (डिझेल जनरेटर) संच, अग्निशमन पंप आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र या साऱ्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. पुण्यातील सुमारे सहाशे खाटांच्या एका रुग्णालयाने मला अभियांत्रिकी विभागात उपव्यवस्थापकपद देऊ केले आहे. मुलाखतीनंतर त्यांनी मला तळघरातील प्लांट रूम दाखवली, तेव्हा तेथील जवळजवळ प्रत्येक यंत्र माझ्या ओळखीचे निघाले. मला अस्वस्थता वाटते ती यामुळेच, कारण यंत्रे तीच असतील तर काम कुठे वेगळे होते, हे मला तिथे कोणी नीट सांगू शकले नाही.

माझे तीन प्रश्न आहेत. आमच्याकडे सर्व मोठी दुरुस्ती गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला बांधलेली असते. मुख्य पॅनेलची साफसफाई असो वा चिलरचे ओव्हरहॉलिंग, गुरुवार हाताशी असतो. रुग्णालयाला असा गुरुवार नसतो, मग ही कामे तिथे केव्हा आणि कशी करतात? दुसरे म्हणजे, वैद्यकीय वायूंची वाहिनी ही एकच यंत्रणा मी कधी हाताळलेली नाही. तिच्याबाबत सर्वात आधी काय समजून घ्यावे? आणि तिसरे, वैद्यकीय उपकरणे सांभाळणारा बायोमेडिकल विभाग स्वतंत्र असताना आमच्या विभागाची हद्द नेमकी कुठे संपते?

उत्तर : रोहित्र_परळ

आपल्या पहिल्या प्रश्नातच कामाचा गाभा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. मी मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात विद्युत विभाग सांभाळतो.

रुग्णालयात काम बंद करून दुरुस्ती करता येत नाही. दुरुस्ती चालू असताना पुरवठा दुसऱ्या मार्गाने सुरू ठेवावा लागतो. त्यामुळे अभियंत्याचा अधिक वेळ प्रत्यक्ष दुरुस्तीपेक्षा तो दुसरा मार्ग तयार करण्यात, तो खरोखर चालतो हे सिद्ध करण्यात आणि ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांची संमती घेण्यात जातो. एखादा ब्रेकर बंद करायचा तर त्याच्या पलीकडे काय आहे याची यादी आधी हातात असली पाहिजे. मोठी रुग्णालये एका दमात उभी राहत नाहीत. जुन्या इमारतीला नवी शाखा जोडली जाते, कोठारखोलीचा वॉर्ड होतो, वॉर्डाचा अतिदक्षता विभाग होतो, आणि नकाशे मात्र पहिल्या इमारतीचेच राहतात. ‘तिसरा मजला, पूर्व’ अशी पाटी असलेल्या ब्रेकरवर २ ते ६ अंश सेल्सियसला चालणारा रक्तपेढीचा शीतकपाटही निघू शकतो. रुजू झाल्यावर सुरुवातीचे काही महिने प्रत्येक फीडर (वीजपुरवठ्याची शाखा) प्रत्यक्ष चालत जाऊन शोधण्यात घालवावेत, असा माझा आग्रह राहील. या कामाची कोणी स्तुती करत नाही, पण पुढचे प्रत्येक काम त्यावरच उभे असते.

शटडाउनची वेळ ठरवताना कारखान्यातून आलेले अभियंते बहुधा मध्यरात्र सुचवतात, कारण तेव्हा वर्दळ कमी असते. माझा अनुभव उलट आहे. रात्री परिचारिका कमी, वरिष्ठ डॉक्टर घरी आणि आपल्याकडे एक वायरमन व एक ऑपरेटर. अशा वेळी काही बिघडले तर सावरायला माणसेच नसतात. म्हणून मी शक्यतो रविवारची सकाळ निवडतो. तेव्हा नियोजित शस्त्रक्रिया नसतात, उजेड असतो आणि ठेकेदाराला सुटा भाग आणायला सांगता येतो. काही दिवस आधी लेखी सूचना जाते, प्रत्येक वॉर्डच्या प्रभारी सिस्टरची सही येते, शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुखांशी बोलणे होते आणि त्या सकाळी प्रत्यक्ष फेरी मारून कोणता रुग्ण कोणत्या यंत्रावर आहे हे पुन्हा पाहिले जाते. एखाद्या रुग्णाची प्रकृती पहाटे बिघडली असेल तर सगळी तयारी झालेली असूनही काम पुढे ढकलायचे, आणि त्याबद्दल मनात किंतू ठेवायचा नाही.

विजेच्या बाबतीत आणखी एक फरक मुळातून समजून घ्यावा लागतो. कारखान्यात विजेची गळती होताच आरसीसीबी या स्वयंचलित स्विचने पुरवठा तोडावा, हीच सुरक्षितता मानली जाते. शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात जीवरक्षक यंत्रांचा पुरवठा असा तुटणे हाच धोका असतो. म्हणून तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरून पुरवठा जमिनीपासून वेगळा ठेवतात. पहिला दोष झाला तरी पुरवठा चालूच राहतो, फक्त इन्सुलेशन मॉनिटर इशारा देतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार इन्सुलेशनचा रोध ५० किलोओहमच्या खाली गेला की हा इशारा वाजला पाहिजे. तो वाजला की आवाज बंद करून शस्त्रक्रिया पूर्ण करता येते, परंतु त्यानंतर दोष शोधायलाच हवा, कारण दुसरा दोष झाल्यास हे संरक्षण उरत नाही. आवाज बंद केला आणि नोंद मात्र कोणीच केली नाही, अशी स्थिती मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. रुजू झाल्यावर सर्व मॉनिटरची नोंदवही मागवून पाहावी.

डीजी संच सुरू होऊन भार घेईपर्यंत साधारण १० ते १५ सेकंद जातात आणि तेवढा वेळ यूपीएसने भरून काढायचा असतो. हा संच दर महिन्याला खऱ्या भारावर चालवावा. नुसता सुरू करून पाच मिनिटांनी बंद केला तर बॅटरी आणि स्टार्टर यांखेरीज काहीच तपासले जात नाही. शिवाय क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी भारावर तो वारंवार चालवल्यास न जळलेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचत जाते. चेंजओव्हर, म्हणजे मुख्य पुरवठ्यावरून डीजीवर बदल, होते की नाही, हे मुख्य पुरवठा खरोखर तोडल्याशिवाय कळत नाही.

उत्तर : जैववैद्यक_नागपूर

मी बायोमेडिकल अभियंता आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि वरील शेवटच्या मुद्द्याशी काहीसा मतभेद नोंदवतो.

मुख्य पुरवठा तोडून चाचणी घेण्याला माझा विरोध नाही, परंतु त्याआधी त्या क्षेत्रातील व्हेंटिलेटर, सिरिंज पंप आणि मॉनिटर यांच्या अंतर्गत बॅटऱ्या तपासलेल्या असल्याच पाहिजेत, आणि ते काम आमचे असते. जुन्या बॅटरीचा दर्शक पूर्ण भरलेली असल्याचे दाखवतो आणि पुरवठा जाताच काही क्षणांत यंत्र बंद पडते, हे आमच्या विभागात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे चाचणीचा दिवस दोन्ही विभागांनी मिळून ठरवावा आणि त्या वेळी आमचा तंत्रज्ञ वॉर्डात उभा असावा. जिथे ही शिस्त नाही, तिथे आधी लोड बँकेवर (कृत्रिम भार देणाऱ्या उपकरणावर) संच चालवून पाहणे मी अधिक योग्य मानेन.

आता हद्दीविषयी. कागदावर ती भिंतीवरील सॉकेटपाशी आणि वायूच्या आउटलेटपाशी संपते. भिंतीतले तुमचे, भिंतीबाहेरचे आमचे. प्रत्यक्षात बहुसंख्य अवघड तक्रारी याच रेषेवर उभ्या राहतात. व्हेंटिलेटर ऑक्सिजनचा दाब कमी असल्याचा इशारा देतो. आम्ही यंत्र तपासतो, ते निर्दोष असते. तुमचा ऑपरेटर मॅनिफोल्डवरचा (सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या नळ्यांवरचा) दाब पाहतो, तोही ठीक असतो. आणि दोष मात्र आउटलेटच्या झिजलेल्या सीलमध्ये किंवा होजच्या तोंडाशी असलेल्या चोंदलेल्या गाळणीत असतो. अशा वेळी दोन विभाग एकमेकांना पत्रे लिहीत बसले तर रुग्णाला सिलिंडरवर ठेवावे लागते. आम्ही एक साधा नियम केला आहे, की अतिदक्षता विभागातून तक्रार आली तर दोन्ही विभागांचा एकेक माणूस सोबतच जातो. आपण रुजू झाल्यावर बायोमेडिकल प्रमुखांना लवकर भेटावे आणि हे आधीच ठरवून घ्यावे.

उत्तर : सातारकर_लीड्स

मी मूळचा साताऱ्याचा असून गेली काही वर्षे इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयसेवेत वैद्यकीय वायूंचे काम पाहतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

सर्वप्रथम हे मनावर ठसवावे, की नळीतून वाहणारा ऑक्सिजन हे औषध आहे. कारखान्यातील संपीडित हवेच्या नळीला जोड द्यायचा तर दाबचाचणी केली की काम संपते. इथे दाबचाचणीनंतर खरे काम सुरू होते. तांब्याच्या नळ्या तेलमुक्त केलेल्या असाव्या लागतात आणि जोड देताना आत काजळी धरू नये म्हणून नायट्रोजन वाहता ठेवतात. पण हाच नायट्रोजन जोड दिल्यानंतर नळीत उरतो, आणि तो पूर्ण बाहेर काढून प्रत्येक आउटलेटवर विश्लेषकाने ऑक्सिजनचे प्रमाण मोजल्याशिवाय ती नळी रुग्णाला देता येत नाही. त्याआधी एका नळीतला वायू दुसऱ्या नळीत जात नाही ना, हे एकेक वायू स्वतंत्रपणे सोडून पाहावे लागते. सिडनीतील एका रुग्णालयात २०१६ साली नवजात बालकांना श्वास देण्यासाठी असलेल्या ऑक्सिजनच्या आउटलेटमधून नायट्रस ऑक्साइड येत असल्याचे उघड झाले; जोडणीच्या वेळी नळ्यांची अदलाबदल झाली होती आणि तपासणीत ती पकडली गेली नव्हती. एक बालक दगावले आणि दुसऱ्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. दाब दोन्ही नळ्यांत अगदी बरोबर होता. म्हणून आमच्याकडे शेवटच्या तपासणीवर अभियंत्याखेरीज गुणवत्ता नियंत्रकाचीही सही लागते, आणि ते काम सामान्यतः औषधनिर्माणशास्त्र जाणणारी व्यक्ती करते.

इथली परवाना पद्धत आपल्याला उपयोगी पडेल. वायूच्या वाहिनीवरचे कोणतेही काम लेखी परवान्याशिवाय होत नाही. तो परवाना देण्याचा अधिकार रीतसर नेमलेल्या अभियंत्यालाच असतो, आणि व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वी संबंधित वॉर्डची नेमलेली परिचारिका त्यावर सही करते. भारतात ही पद्धत राबवायला कोणाची मनाई नाही. एक छापील वही आणि व्हॉल्व्हच्या पेट्यांची कुलपे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

द्रव ऑक्सिजनविषयीही थोडे सांगतो. तो उणे १८३ अंशांच्या आसपास उकळतो आणि एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू होतो. हे रूपांतर टाकीशेजारच्या व्हेपोरायझरमध्ये, बाहेरच्या हवेच्या उष्णतेवर होते. मागणी फार वाढली की त्यावर बर्फ चढतो आणि त्याची क्षमता घटते, म्हणून दोन संच आलटून पालटून वापरतात. कोविडच्या काळात अनेक रुग्णालयांना अडचण आली ती टाकीतील साठ्याइतकीच या प्रवाहाची होती. एका रुग्णाला नाकावाटे जास्त प्रवाहाने ऑक्सिजन देणारे यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत घेऊ शकते, आणि असे अनेक रुग्ण एका मजल्यावर आले की त्या मजल्याच्या नळीचा व्यासच अपुरा पडतो. त्यामुळे टाकीत किती आहे हे माहीत असणे पुरेसे नाही. कोणत्या शाखेतून मिनिटाला किती लिटर जाऊ शकतात, याचे गणित आपण मांडून ठेवावे.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात टाकीपाशी गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले, हे आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. तेव्हापासून कोणतेही रुग्णालय पाहताना मी विचारतो, की टाकीपासूनचा मुख्य मार्गच निकामी झाला तर राखीव सिलिंडरांचा मॅनिफोल्ड वाहिनीला कुठे जोडलेला आहे. तो टाकीच्याच आवारात, त्याच मुख्य नळीवर असेल तर ती राखीव सोय अर्धीच आहे. अतिदक्षता विभागाच्या झोन व्हॉल्व्हच्या (त्या भागाचा वायू बंद करणाऱ्या झडपेच्या) पुढे आणीबाणीचा पुरवठा जोडण्याचे तोंड असावे, आणि ते जोडण्याचा सराव रात्रपाळीच्या ऑपरेटरलाही असावा.

उत्तर : परिचारिका_मिरज

मी अभियंता नाही. संसर्ग नियंत्रण परिचारिका आहे. तरीही इथे लिहावेसे वाटले, कारण हवा आणि पाणी या दोन गोष्टींवर आमचे काम अभियांत्रिकी विभागावाचून होऊच शकत नाही.

शस्त्रक्रियागृहातील वातानुकूलन गारव्यासाठी असते असे बाहेरून आलेल्यांना वाटते. एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिथे तासाला किमान २० वेळा हवा बदलली पाहिजे, त्यातील ४ बदल ताज्या हवेचे हवेत, आणि शेजारच्या भागापेक्षा दाब किमान २.५ पास्कल अधिक हवा, म्हणजे दार उघडले तरी बाहेरची हवा आत येत नाही. वीजबिल कमी करण्यासाठी ताज्या हवेचा डँपर (झडप) बंद केला, तर खोली गारच राहते आणि कोणाला काही कळत नाही. दाब मात्र नाहीसा झालेला असतो. ऊर्जाबचतीचा कोणताही प्रस्ताव आमच्या समितीसमोर आणल्याशिवाय अमलात आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तोडफोडीच्या कामाचेही तेच. भिंत फोडताना किंवा छताची फळी काढताना उडणाऱ्या धुळीत अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू असू शकतात. निरोगी माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण केमोथेरपी घेणाऱ्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात ते जिवावर बेततात. एक केबल ओढण्यासाठी छताची फळी उघडण्याआधी आम्हाला एक फोन करावा. आम्ही काम अडवत नाही, फक्त प्लास्टिकचा पडदा, ओली साफसफाई आणि रुग्णांची जागा यांची व्यवस्था करून देतो.

पाण्याविषयी दोनच गोष्टी सांगते. २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जीवाणू वाढतो, म्हणून गरम पाणी ६० अंशांवर साठवावे आणि नळापर्यंत ते ५० अंशांच्या आत उतरू नये. आपल्याकडे गच्चीवर सौर बंब असतात आणि पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत त्यांतील पाणी दिवसेंदिवस नेमके कोमट राहते. तेव्हा पूरक हीटर चालू आहे की नाही हे कोणीतरी पाहिलेच पाहिजे. दुसरी गोष्ट डायलिसिसची. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसमध्ये साधारण १२० लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून त्याच्या रक्ताच्या संपर्कात येते. क्लोरीन आणि क्लोरामाइन कार्बनच्या गाळणीतच अडवावे लागतात, नाहीतर रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पाण्याची प्रत रोज बदलते, तेव्हा प्रत्येक पाळीच्या आधी क्लोरीनची चाचणी व्हायला हवी. टँकर आल्याची खबर डायलिसिस विभागाला देणे हे कोणाचे काम आहे, हे अनेक रुग्णालयांत ठरलेलेच नसते.

यंत्रशाळा_चाकण

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. फीडर आणि व्हॉल्व्ह यांच्या पलीकडे कोण आहे हे शोधण्याचे काम मी रुजू झाल्यास पहिल्या आठवड्यापासून हाती घेईन. आणखी एकच विचारायचे आहे. पुढील आठवड्यात माझी वैद्यकीय संचालकांशी अंतिम भेट आहे. पद स्वीकारण्यापूर्वी मी त्यांना काय विचारावे आणि काय पाहू द्यावे अशी विनंती करावी? विशेषतः आगीच्या बाबतीत मला चिंता आहे, कारण कारखान्यात भोंगा वाजला की सर्वजण बाहेर पडतात; इथे ते शक्य नाही.

उत्तर : रोहित्र_परळ

आपली चिंता रास्त आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. कोलकात्यातील एका खासगी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी आग तळघरात लागली, पण बहुतेक मृत्यू वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून झाले. अतिदक्षता विभागात विजेची यंत्रे आणि वातानुकूलन वर्षभर अखंड चालतात आणि खोलीतील ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले असू शकते, त्यामुळे लहान ठिणगीही वेगाने पसरते. व्हेंटिलेटरवरील रुग्ण जिन्याने खाली नेता येत नाही. त्याला आधी त्याच मजल्यावरील अग्निरोधक दारापलीकडच्या भागात हलवायचे असते. म्हणून ती दारे पूर्ण मिटतात का, वायरसाठी भिंतीत पाडलेली भोके अग्निरोधक साहित्याने बुजवली आहेत का आणि धूर आढळताच एएचयू (खोल्यांना हवा पुरवणारे यंत्र) बंद होऊन डक्टमधले डँपर मिटतात का, हे तीन प्रश्न मला स्प्रिंकलरइतकेच महत्त्वाचे वाटतात. एखाद्या मजल्याच्या शाफ्टचे (वायर व नळ्यांच्या उभ्या पोकळीचे) दार उघडून दाखवा असे सांगावे. आत जुन्या फायली आणि खोकी रचलेली दिसली, तर बाकीच्या इमारतीचाही अंदाज येतो.

कागदपत्रांपैकी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावयाचे नमुना ‘ब’ प्रमाणपत्र, विद्युत निरीक्षकांचा शेवटचा अहवाल, उद्वाहनांची तपासणी आणि द्रव ऑक्सिजनच्या टाकीचा परवाना पाहू द्यावा अशी विनंती करावी. टाकीचा परवाना देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. कागद अद्ययावत असणे पुरेसे नाही, पण तो दाखवायला टाळाटाळ होत असेल तर त्याची नोंद घ्यावी.

संचालकांना विचारायचे ते अधिकाराविषयी. एखादा ठेकेदार शल्यचिकित्सकाच्या तोंडी परवानगीवर वायूच्या नळीला हात लावू लागला, तर ते काम त्या क्षणी थांबवण्याचा अधिकार आपल्याला असेल का? अतिदक्षता विभागाच्या यूपीएसची बॅटरी बदलायची वेळ आली तर खर्चाची मंजुरी कोण देतो आणि किती दिवसांत? आपला विभाग वैद्यकीय संचालकांना थेट उत्तरदायी आहे की खरेदी विभागामार्फत? मी अशीही रुग्णालये पाहिली आहेत, जिथे अभियंत्याकडे सगळी जबाबदारी आहे आणि एक संपर्ककही (विजेचा कॉन्टॅक्टर स्विच) तो स्वतः मागवू शकत नाही. आपल्याला तसे उत्तर मिळाले, तर आणीबाणीच्या खरेदीची मर्यादा आणि काम थांबवण्याचा अधिकार हे दोन्ही नेमणूकपत्रात लिहून मागावेत, आणि ते लिहून मिळेपर्यंत चाकणच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.